हायका, मुक्काम पोस्ट कोपरखैरणे

बाळारामदादा, आधी भांडून घेते. रडायचं नंतर बघू.

तुम्ही गेलात त्याला आज सतरा दिवस झाले. त्यातले पहिले बारा दिवस माझं कशातच लक्ष नव्हतं. डोळे मिटले की वाशीचा तो हॉल दिसायचा. पहिल्या रांगेत इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसलेले तुम्ही, शेजारी वहिनी, आणि माईकवर मी. आठ वर्षं तो हॉल माझ्या मानगुटीवर बसला होता. आणि तुम्ही? तुम्ही मजेत होतात! माझ्या पाठीमागे अख्ख्या गावाला हसवत होतात, आणि मला मात्र एका शब्दाने बोलला नाहीत. याला काय म्हणायचं, दादा? बरं, जाब विचारायला जावं तर तुम्ही हजर नाही.

पहिल्यापासून सांगते. तुम्हाला ठाऊक आहे तेही सांगते, कारण माझ्या बाजूने तुम्ही ते कधी ऐकलेलं नाही.

तुर्भ्याच्या त्या कारखान्यात मी ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. पत्रा दाबून सुटे भाग काढायचा कारखाना. बारा प्रेस मशिनं, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि त्या सगळ्यावर सुपरवायझर तुम्ही. पहिल्याच दिवशी तुम्ही खुद्द मालकांना विचारलंत, "तू कवा आलास?" वाटलं, या माणसाची नोकरी आता गेली. मालक म्हणाले, "आत्ताच आलो, दादा." तुमच्या आगरी बोलीत मालकाला, देवाला आणि सासऱ्याला एकच 'तू' असतो, हे मला नंतर कळलं.

मी सांगली भागातल्या खेड्यातली. आमच्याकडे मुलीसुद्धा 'मी येतो, मी जातो' म्हणतात. मुंबईत होस्टेलवर पहिल्या आठवड्यात मी "अंघोळीला जातो" म्हणाले आणि खोलीतल्या मुली पोट धरधरून हसल्या. 'जातो' म्हणणारी म्हणून वर्षभर मला नाव पडलं होतं. तेव्हापासून मी भाषा इतकी घासून घेतली की सुट्टीत घरी गेल्यावर आई म्हणायची, टीव्हीवरच्या बाईसारखं काय बोलतीस? हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

तर तुमचा तो सकाळचा फेरा. सातच्या पाळीला मशिनं चालू व्हायच्या आधी तुम्ही पहिल्या मशिनपासून बाराव्यापर्यंत चालत जायचात. प्रत्येकापाशी थांबून दोनच शब्द. "हाय का?" समोरचा माणूस माल बघायचा, साचा बघायचा, मापाचं गेज हातात घेऊन बघायचा, आणि मग म्हणायचा, "हाय." पुढचं मशिन. "हाय का?" "हाय." मी तुमच्या मागे वही घेऊन. चौथ्या दिवशी न राहवून विचारलं, "दादा, पण काय आहे का, असं विचारता?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत, जणू मी पाणी ओलं का असतं असं विचारलंय. म्हणालात, "जा पायजे ता."

जे पाहिजे ते जागेवर आहे का, एवढाच प्रश्न. कॉलेजात मी यावर जाडजूड पुस्तकं वाचली होती.

आणि तो गेजचा दिवस आठवतो? सातव्या मशिनवरचा ऑपरेटर म्हणाला, "नाय. गेज नाय." मी नवीन, अंगात खुमखुमी. सगळ्यांसमोर त्याला झापलं. काल संध्याकाळी का नाही बघितलं, आता आठवतं का, वगैरे. तुम्ही गेज मागवलंत, फेरा पुरा केलात आणि मग मला पाण्याच्या टाकीपाशी नेलंत. "इंजिनेर," तुम्ही मला शेवटपर्यंत इंजिनेरच म्हणालात, "नाय बोलनाऱ्याव कवा वरडायचा नाय. आज तू वरडलीस, उद्या गेज नसला तरी तो हाय बोलंल." बस. पुन्हा त्याचा विषय नाही. मी गेली अकरा वर्षं दुसऱ्यांच्या कारखान्यांत जाऊन जे शिकवते त्यातलं अर्धंअधिक त्या टाकीपाशी शिकलेलं आहे. बाकीचं तुमच्याशी भांडताना शिकले.

कारण आपलं एक भांडण मिटलंच नाही. मी म्हणायचे, हे सगळं कागदावर उतरवू या. रोजचा तक्ता करू, काय काय बघायचं ते लिहू, समोर टिक मारू. तुम्ही म्हणायचात, "कागदाव टिक मारली का मानूस बघायचा बंद होतं." मी म्हणायचे, लिहिलं नाही तर तुमच्या मागे हे कोणाला कळणार? तुम्ही म्हणायचात, "मना कुठं जायाचा हाय?" मी तक्ता केला. तुम्ही तो भिंतीवर लावू दिलात आणि त्याच्याकडे पाठ करून "हाय का?" विचारत राहिलात. या बाबतीत मी अजून हार मानलेली नाही, दादा. तुम्हाला जायचं होतं बघा.

पुढे कारखाना परराज्यात गेला. तुम्ही घरी बसलात, आणि मी ठरवलं की आता दुसरी नोकरी शोधायची नाही, आपणच कारखान्यांना सल्ला द्यायचा. नाव काय ठेवायचं यावर मी दोन दिवससुद्धा घालवले नाहीत. सरळ तुमच्याकडे आले. गावातलं जुनं घर तेव्हा अजून पाडलं नव्हतं. ओटीवर बसून तुम्ही सुपारी कातरत होतात. म्हटलं, "दादा, माझ्या धंद्याला तुमचा 'हाय का' घेते." तुम्ही खो खो हसलात. "घे की गो. तो काय माझ्या बापाचा थोराच हाय?" वहिनी आतून म्हणाल्या, "दुसरा बरा नाव नाय गावला?" पण तुम्ही खूश होतात. दिसत होतं ते.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. घोळ केला कार्ड छापणाऱ्याने.

मी त्याला इंग्रजीत दोन शब्द लिहून दिले होते, 'हाय' आणि 'का', मध्ये जागा सोडून. त्याला वाटलं ती जागा चुकून पडली. त्याने दोन्ही जोडून टाकले आणि शेजारी एक लालभडक गोळा काढला. कार्डं हातात देताना म्हणतो, "मॅडम, जपानी कंपनी ना? गोळा माझ्याकडून टाकलाय. शोभतो की नाही?" दुसऱ्या दिवशी रबाळ्याला माझी पहिली भेट ठरलेली. परत छापायला वेळ नव्हता. आणि खरं सांगू? शोभत होता तो गोळा.

रबाळ्याच्या त्या शेठनी कार्ड उलटंपालटं केलं. "अरे वा, हायका! जपानी. तिकडे जाऊन आलात वाटतं?" मी तोवर महाराष्ट्राबाहेरसुद्धा गेले नव्हते. मला एवढंच म्हणायचं होतं, की नाही हो, आमच्या दादांचा शब्द आहे, कोपरखैरण्याचा. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्यांच्या टेबलावर आणखी तिघांची कार्डं पडलेली दिसली, आणि मला ती होस्टेलची खोली आठवली. मी म्हणाले, "हो."

तेवढा एक 'हो', दादा. नसताना 'हाय' म्हणाले मी. तुम्ही शिकवलेलं सगळं त्या एका टेबलावर सांडलं.

मग काय, एकदा म्हटलं की म्हणतच जावं लागतं. आमच्या धंद्यात जपानी शब्दाला वजन आहे. साधी आवराआवर करा म्हटलं तर शेठ जांभई देतात, तेच जपानी नावाने सांगितलं की वही काढून लिहून घेतात. कोणी अर्थ विचारला तेव्हा मी अर्थही ठोकून दिला. 'हायका म्हणजे जागेवर जाऊन विचारणं.' तो मी पडद्यावर दाखवायच्या पहिल्या पानावर टाकला, मागे तो लाल गोळा. अर्थ तर खराच होता. फक्त देश खोटा होता.

आणि मग तो हॉल. छोट्या कारखानदारांचा मेळावा, मला बोलायला बोलावलेलं. मी हट्टाने तुम्हाला दोघांना घेऊन गेले. मला तुम्हाला दाखवायचं होतं की बघा, तुमच्या फेऱ्याचं काय झालंय. दीडशे माणसं 'हायका' म्हणतायत. मी तासभर बोलले. टाळ्या पडल्या. तुम्ही मान डोलवत होतात. मग मागून कोणी तरी उभं राहून विचारलं, "मॅडम, हायका हा शब्द नेमका कुठला?"

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही थोडे पुढे सरकलात. शर्टाची बाही नीट केलीत. तुम्हाला वाटलं, आता ही आपलं नाव घेणार. मला ते कळलं, दादा. कळूनही मी म्हणाले, "जपानी आहे."

आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात.

तुम्ही उठून निघून गेला असतात तरी परवडलं असतं. मला चार शिव्या दिल्या असत्यात तर मी पाय धरून मोकळी झाले असते. तुम्ही जेवलात, गुलाबजाम छान आहे म्हणालात आणि रिक्षाने घरी गेलात. मी पुढचे चार महिने तुम्हाला फोन केला नाही. मग दिवाळीला मिठाई घेऊन आले तेव्हा तुम्ही नेहमीसारखेच बोललात. "काय इंजिनेर, बरा हाय का?" मला वाटलं, मुद्दाम म्हणतायत. 'हाय का' हा तुमच्या तोंडचा रोजचा शब्द, पण त्यानंतर तो जेव्हा जेव्हा ऐकला तेव्हा मला तो हॉल आठवला.

एक गंमत तुम्हाला सांगायची राहिली. हॉलनंतर दोनेक वर्षांनी महाप्याच्या एका कारखान्यात खराखुरा जपानी इंजिनिअर आला. माझं कार्ड बघून त्याचे डोळे चमकले. दुभाषीण म्हणाली, हे विचारतायत, हा शब्द जपानी अक्षरांत कसा लिहिता? आणि त्याने चक्क पेन पुढे केलं! मी म्हटलं, आम्ही तो देवनागरीतच लिहितो. तो विचारात पडला. मग म्हणाला, आमच्याकडे असा उच्चार असलेला एक शब्द आहे, त्याचा अर्थ हाताखालची माणसं. तोच का? मी म्हटलं, तोच, तोच. मग तो हसून म्हणाला, आणि नुसतं 'हाय' म्हणजे आमच्यात 'हो जी'. घरी येताना मला एकीकडे हसू येत होतं आणि दुसरीकडे तुम्हाला कधी एकदा सांगते असं झालं होतं. 'दादा, जपानी माणूससुद्धा हाय का म्हटलं की हायच म्हणतो!' केवढे हसला असतात. पण ते सांगायचं तर आधी हॉलचं बोलावं लागणार होतं. म्हणून नाही सांगितलं. असं किती काय काय तुम्हाला सांगायचं राहिलं, नुसत्या त्या एका गोष्टीपायी.

मग तुमचं आजारपण. गावातलं घर पाडून इमारत चाललेली, म्हणून तुम्ही सेक्टरमधल्या भाड्याच्या फ्लॅटवर. मी दर दुसऱ्या रविवारी यायचे, एपीएमसीच्या बाजारातून फळं घेऊन. तुम्ही पिशवीत डोकावून फळं निवडणारीच्या अकलेचा उद्धार करायचात. श्वास पुरत नव्हता, पण तेवढ्यापुरता पुरायचा. मे महिन्यातल्या एका रविवारी वहिनी खाली गेल्या होत्या. आपण दोघंच. मी खुर्ची पुढे ओढली आणि सुरुवात केली, "दादा, त्या हॉलमधल्या दिवशी..."

"पानी दे गो," तुम्ही म्हणालात.

मी पाणी दिलं. तुम्ही दोन घोट घेतलेत आणि डोळे मिटलेत. मला वाटलं, संपलं. यांना ऐकायचंच नाही. माफ करायचं नाही. त्यानंतर मी विषय काढला नाही, आणि मग तुम्ही गेलात. स्मशानात बायका जात नाहीत म्हणून मी दारातच थांबले होते. रडू आलं ते तुम्ही गेलात म्हणून, आणि त्याहून जास्त, आता हे कधीच सुटणार नाही म्हणून.

आता बाराव्याचं ऐका.

बारावं गावात, नव्या इमारतीत होतं. मी रिक्षा नाक्यावर सोडली आणि चालत निघाले, तर गाव ओळखू येईना. तुमच्या ओटीच्या जागी चार मजले, शेजारी पाच, गल्ली अशी की वर आभाळाची एक पट्टी तेवढी दिसते. शेवटी एका दुकानात बसलेल्या बाईंना विचारलं, "बाळाराम पाटलांचं घर कुठलं हो?"

त्या म्हणाल्या, "कनचा बालाराम? आमचे गावात पाच हान."

मी म्हटलं, "तुर्भ्याला प्रेसच्या कंपनीत होते ते. नुकतेच वारले."

"मंग असा सांग ना गो! जपान्या!"

मी म्हटलं, "नाही नाही, जपान्या नव्हे. बाळाराम पाटील."

"त्योच तं जपान्या. त्या बगलेला जा, बोर्ड लावलाय."

मी त्या बाजूला वळले. आणि दादा, कोपऱ्यावर तुमचा केवढा थोरला फ्लेक्स! तुम्ही हसताय. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली तुमचं नाव, आणि नावाखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरात 'जपानदादूस'. मी भर गल्लीत उभी राहून ते चार वेळा वाचलं. एक स्कूटरवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला.

वर गेले. वहिनींनी मला जवळ बसवून घेतलं. मी काही विचारायच्या आत माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "बोर्ड बघलास वाटता." आणि त्या माउलीला, बाराव्याच्या दिवशी, हसू फुटलं.

त्यांनी सगळं सांगितलं. हॉलमधून येताना रिक्षात तुम्ही गप्प होतात म्हणे. कोपरखैरणं येईपर्यंत गप्प. घरी आलात, तो इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावलात, आणि मग एकदम हसायला लागलात. "आयकलास गो? आपला हाय का जपानला गेला! पासपोर्ट नाय, काय नाय!" दुसऱ्या दिवशी तळ्याच्या कट्ट्यावर पहिला माणूस भेटला, म्हणाला, "काय बालाराम, बरा हाय का?" तर तुम्ही त्याला म्हणालात, "जपानीत नको, आगरीत इचार." झालं! कट्ट्यावर रोज तोच धिंगाणा. महिन्याभरात तुम्ही जपान्या. लग्नाच्या पत्रिकांवरसुद्धा तसंच नाव यायला लागलं. आणि सगळ्यांना तुमची सक्त ताकीद, इंजिनेर आली की तिच्या म्होरं कोणी जपान्या म्हणायचं नाही.

"का?" मी विचारलं.

"तू लाजशील म्हनून."

आठ वर्षं, दादा! मी तुमच्यापासून लपवतेय आणि अख्खं गाव माझ्यापासून लपवतंय!

मी हसत होते, तरी मनात एक अडकलेलं होतंच. वहिनींचा हात धरून विचारलं, "वहिनी, खरं सांगा. त्यांना वाईट वाटलं होतं का?"

वहिनींनी लगेच नाही म्हटलं नाही, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. म्हणाल्या, "वाटला असंल. मानूस हाय. रिक्षात गप होता, तवा वाटला असंल. मीच बोलली त्याला, बोल तिला, फोन कर. तं मना काय बोलला, ती घाबरली होती गो. घाबरलेल्या मानसाव वरडलू, तं ती परत येवाची नाय."

मग मी रडले. तिथेच, सगळ्या पाहुण्यांसमोर, पदर नव्हता म्हणून ओढणीत तोंड खुपसून. लोकांना वाटलं, दुःखाने रडतेय. दुःख होतंच. पण दादा, खरं सांगते, जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तुम्हाला लागलं होतं, आणि तुम्ही ते पुसून टाकलं होतंत. मी परत यावं म्हणून. मी येत होते तो प्रत्येक रविवार तुम्ही त्या रिक्षात गप्प राहून विकत घेतला होता, आणि मला वाटत होतं मी तुमच्यावर उपकार करतेय. आणि ते पाणी? वहिनी म्हणाल्या, "त्याला म्हाईत होता तू काय बोलनार. तू बोलली असतीस तं तुला रडू येनार, तुला बघून त्याला येनार. दम कुठं होता त्याला रडाला?" मग त्यांनी मला ताटावर बसवलं. भात, वाल, खीर. मी खीर दोनदा मागून घेतली.

आता गेल्या सोमवारचं. खैरणे एमआयडीसीत एक नवीन काम. तिशीतला मालक, शांत, चष्मेवाला. कार्ड बघून म्हणाला, "हायका. जपानी ना?"

'हो' ओठांवर आलंच होतं. सवय हो. पण मी म्हणाले, "नाही. हा शब्द कोपरखैरण्याचा आहे. आमचे बाळारामदादा होते, सुपरवायझर. ते रोज सकाळी प्रत्येक मशिनपाशी विचारायचे, हाय का?" आणि मग थांबवेनाच. टाकी सांगितली, गेज सांगितलं, 'नाय' म्हणणाऱ्यावर ओरडायचं नाही ते सांगितलं, लाल गोळा कोणी काढला तेही सांगितलं. बोलता बोलता कधी तरी मी 'मी तवा नवीन होतो' असंही म्हणून गेले. कान तापले, पण तोंड थांबलं नाही.

माझं संपलं. म्हटलं, गेलं काम.

तो म्हणाला, "असं होय." मग विचारलं, "चहा घेणार की कॉफी?"

एवढंच! दादा, एवढंच! ज्याला मी आठ वर्षं भ्याले, ज्याच्यापायी तुमच्याशी धड बोलले नाही, ते संपलं चहा की कॉफीवर! मी चहा म्हटलं. मग आम्ही फेरा मारायला गेलो आणि काम मिळालं. पडद्यावर दाखवायचं ते पहिलं पान मी बदललंय. जपान काढला, तुमचं नाव आणि तुमचा फोटो टाकलाय, फ्लेक्सवरचाच. म्हणजे शेवटी आलात की नाही कागदावर? त्या भांडणात एक गुण मला. गोळा मात्र ठेवलाय. शोभतो.

तिथून बाहेर पडून गाडीत बसले आणि काही विचार न करता फोन काढून तुमचा नंबर लावला. तुम्ही गेलात हे त्या मिनिटाला डोक्यातच नव्हतं. रिंग वाजायला लागल्यावर आलं, पण तोवर वहिनींनी उचलला होता.

"वहिनी," मी म्हणाले, "सांगितलं मी आज. खरं सांगितलं."

कशाचं, काय, काही विचारलं नाही त्यांनी. म्हणाल्या, "मना काय सांगतेस? थांब. फोटोम्होरं धरतंय फोन. त्यालाच सांग."

पावलं वाजली. खुर्ची सरकली. मग पलीकडे शांत झालं. खैरण्याच्या त्या रस्त्यावर कंटेनर धडधडत चालले होते, मी काच वर केली. मला वाटलं होतं, वेळ आली की मी तुमच्याशी तासभर बोलेन. हॉलचं, होस्टेलचं, जपानी माणसाचं, सगळं. ते सगळं मग इथे लिहिलं. तेव्हा तोंडातून एवढंच आलं, "दादा, चुकलं माझं."

तीन शब्द. आठ वर्षं लागली.

थोड्या वेळाने वहिनींचा आवाज आला, "झाला ना बोलून? रडू नको आता. गारी सावकास चालव."